चोवीस फूट सुतळी आणि ३४ विटा

दिवाळीच्या सुट्टीआधी लेकाचा गणिताचा पेपर सहीसाठी घरी आला, पाचवीत आहे तो, २० पैकी ९. मार्कांचं मला एवढं काही नाही (नवऱ्याला आहे), पण त्यातला एक प्रश्न बघून मी तिथेच थांबले. आयताकृती बाग, लांबी ८ मीटर, रुंदी ५ मीटर, परिमिती काढा आणि क्षेत्रफळ काढा. ह्याने लिहिलेलं परिमिती ४० मीटर आणि क्षेत्रफळ २६ चौरस मीटर. म्हणजे बेरीज बरोबर, गुणाकार बरोबर, दोन्ही आकडे बरोबर, फक्त एकमेकांच्या घरात जाऊन बसलेले.

मी विचारलं, "परिमिती म्हणजे काय रे?" तर म्हणे, "लांबी अधिक रुंदी, गुणिले दोन." म्हणलं ते सूत्र झालं, पण म्हणजे काय? "अगं आई तेच तर सांगतोय ना." मग मी माझी हुशारी चालवली, परिमिती म्हणजे देवळाची प्रदक्षिणा आणि क्षेत्रफळ म्हणजे आतली सगळी फरशी, असं छान समजावलं, त्याने पण मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या गडबडीत परत विचारलं तर पुन्हा उलटं. मला तर वाटायला लागलं की मीच कुठेतरी चुकतीये. खरं सांगायचं तर मलासुद्धा शाळेत हे दोन्ही कधी एकत्र लागलेच नव्हते. परिमितीची गणितं एका पानावर, क्षेत्रफळाची पुढच्या पानावर, ज्या पानावर आहोत ते सूत्र टाकायचं की झालं!

तर खरीखुरी बाग करायची कल्पना मला ह्या पेपरवरून नाही सुचली. ती आली किल्ल्यामुळे.

आम्ही सिंहगड रोडला आनंदनगरच्या आत राहतो, जुनी सोसायटी, तीन मजली, मागे कंपाउंड वॉल आणि पार्किंगच्या मधे एक रिकामी पट्टी आहे जिथे दरवर्षी पोरं किल्ला करतात. यंदा राजगड होता. पोती, विटा, माती, वर हळीव आणि मोहरी टाकून हिरवागार केलेला, एकदम भारी. तुळशीचं लग्न झालं की कमिटीचा मेसेज येतो की किल्ला काढून जागा साफ करावी, तसा तो आला, आणि पोरं रडवेली होऊन माझ्याकडे आली, काकू तुम्ही सांगा ना त्यांना. हळीव अजून हिरवं होतं, ते उपटायचं नव्हतं त्यांना. मी कमिटीकडे गेले आणि म्हणलं किल्ला काढतो पण त्याच मातीत छोटा वाफा करू द्या, भाजी लावतील. खूप चर्चा झाली (आमच्याकडे बल्ब बदलायला पण खूप चर्चा होते) आणि शेवटी परवानगी मिळाली, अटी दोन. एक, सोसायटीचा पैसा मिळणार नाही, दोन, माती पार्किंगमधे येता कामा नये म्हणजे विटांची कड पाहिजे.

किल्ल्याच्या विटा मोजल्या तर ३४ निघाल्या, त्यातल्या दोन अर्ध्यावर तुटलेल्या. राहिल्या ३२. एक वीट ९ इंच लांब. पोरांना म्हणलं आता सांगा, ह्या ३२ विटा एकापुढे एक लावल्या तर किती लांब जातील? सहावीतल्या वरच्या मजल्यावरच्या ताईने २८८ इंच काढले, भागिले १२, बरोब्बर २४ फूट. म्हणजे आमच्या बागेची कड २४ फुटांच्या वर जाऊ शकत नव्हती. आणि हे कुठल्या पुस्तकाने नाही ठरवलं, विटांनी ठरवलं, त्यामुळे कोणी वाद घातला नाही.

मी लेकाला विचारलं, हे २४ फूट काय आहे, क्षेत्रफळ की परिमिती? तो विटांच्या ढिगाकडे बघत म्हणाला, "भोवतीचं." मी म्हणलं चालेल, सध्या भोवतीचंच म्हण.

मग सुतळी आणली. २४ फूट मोजायलाच अर्धा तास गेला, कारण एकाने टेप शून्याऐवजी एकपासून धरलेली, दुसऱ्याने सेंटीमीटरची बाजू बघितली, आणि सगळं बरोबर झाल्यावर दोन टोकं बांधली तर गाठीत तीन इंच खाल्ले गेले आणि रिंगण झालं पावणेचोवीस फुटांचं. परत सोडली, परत मोजली, गाठीसाठी जास्तीची सोडली. दर फुटावर स्केचपेनने खूण केली. आमच्या पार्किंगमधल्या टाइल्स नशिबाने एक फूट बाय एक फूटच्या आहेत, हे मला वीस वर्षं तिथे राहून माहीत नव्हतं, ते एका दुसरीतल्या पोराने पट्टी लावून सांगितलं.

आणि मग जो खेळ झाला तो मी कधी विसरणार नाही. चार पोरं चार कोपरे झाली, प्रत्येकाच्या पायाच्या घोट्यापाशी सुतळी, आणि बाकीची पोरं आतल्या टाइल्स मोजणार. पहिल्यांदा ताणली ती लांबडी, ११ बाय १, टाइल्स अकरा. "ही काय बाग आहे का, ही तर गल्ली झाली!" मग १० बाय २ केली, वीस. ९ बाय ३, सत्तावीस. ८ बाय ४, बत्तीस. पोरं ओरडायला लागली, काकू जागा वाढतीये! मी म्हणलं सुतळी वाढवली का? नाही. कोणी ढील दिली का? नाही. मग जागा आली कुठून? सगळी गप्प. लेकाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता, पेपरमधल्या त्या दोन आकड्यांकडे बघताना जसा मख्ख होता तसा नाही, जरा चिडल्यासारखा, फसवलं गेल्यासारखा. ७ बाय ५, पस्तीस. ६ बाय ६, छत्तीस. पुढे ५ बाय ७ केलं तर परत पस्तीस.

ताईने सगळं खडूने जमिनीवर लिहिलं होतं, ११, २०, २७, ३२, ३५, ३६, आणि बी विंगमधला एक मुलगा, जो एरवी एक शब्द बोलत नाही, तो म्हणाला, नऊने वाढलं मग सातने मग पाचने मग तीनने मग एकने. मी बघितलं तर खरंच की. मी पन्नाशीला आले, बँकेत आयुष्यभर आकडे बघितले, मला ते दिसलं नव्हतं.

मधेच लेकाने काय केलं, दोन कोपऱ्यांना सांगितलं एकमेकांना चिकटून उभे राहा आणि समोरच्या दोघांना पण, सुतळी एकदम चपटी, १२ फूट लांब आणि रुंदी काहीच नाही. आणि स्वतःच हसत सुटला, "आई, परिमिती चोवीस आणि क्षेत्रफळ शून्य!" बास. मला वाटतं त्याच्या डोक्यातली ती अदलाबदल त्या क्षणी संपली. मी काही बोलले नाही, प्रदक्षिणा गाभारा वगैरे तर अजिबातच नाही.

एक गोष्ट मात्र मलाही आधी ठाऊक नव्हती आणि ती एका ॲक्टिव्हामुळे कळली. ७ बाय ५ करताना कोपऱ्यात कोणाची तरी ॲक्टिव्हा लावलेली, किल्ली नाही, हलवता येईना. मग पोरांनी सुतळी गाडीच्या आतल्या बाजूने वळवून घेतली, म्हणजे आयताचा एक कोपरा आत ढकलला गेला, दोन टाइल्स बाहेर राहिल्या. सगळ्यांना वाटलं आता सुतळी उरणार, ढिली पडणार. पडली नाही. तशीच्या तशी ताठ. टाइल्स ३३ आणि सुतळी तीच. दोन पोरांनी भांडून परत परत मोजली. शेवटी ताईने बोटाने दाखवलं की बाहेरून जायचं तेवढंच आतून जायचंय, फक्त आधी उजवीकडे मग पुढे ऐवजी आधी पुढे मग उजवीकडे. मनात म्हणलं हे फळ्यावर समजावायला मला एक तास लागला असता आणि तरी नसतं पटलं.

तर ठरलं ६ बाय ६. सगळे खूश. तेवढ्यात तळमजल्यावरचे आजोबा आले. ते निवृत्त ओव्हरसियर, आयुष्य कालव्यांवर गेलं, रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात आणि सगळ्यांच्या चुका काढतात. ते म्हणाले, "भिंतीला कशाला विटा लावताय? भिंत काय पळून जाणारे का?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. खरंच की, एक बाजू कंपाउंड वॉलची. तिथे कड लागतच नाही. मग २४ फूट तीनच बाजूंना पुरवायचे. लगेच सगळे म्हणाले मग ८ बाय ८, कारण चौरस सगळ्यात मोठा हे आत्ताच शिकलो. ६४! छत्तीसवरून चौसष्ट, नुसता जल्लोष. आजोबा काही बोलले नाहीत, नुसते पाय हलवत बसले, मला त्या हलवण्यावरून कळलं की अजून काहीतरी आहे. म्हणलं पोरांनो मोजून बघा, मगासारखं एकेक करून. सुतळीची गाठ सोडली, दोन टोकं भिंतीला, आणि दोन कोपरे बाहेर. भिंतीपासून १ फूट बाहेर तर लांबी २२, जागा २२. दोन फूट तर ४०. तीनला ५४. चारला ६४. पाचला ७०. सहाला ७२. सातला परत ७०. आणि आठला ६४.

७२! म्हणजे १२ बाय ६. चौरस हरला. माझा लेक तर रागावलाच, "पण मगाशी तर चौरस जिंकला होता!" आता ह्याचं उत्तर मला येत नव्हतं, आकडे दिसत होते पण का ते नाही. आजोबांनी खडू मागितला (खाली बसताना गुडघे वाजले त्यांचे) आणि भिंत म्हणून एक रेघ काढली, अलीकडे आमची १२ बाय ६ ची बाग, आणि म्हणाले समजा ही भिंत म्हणजे आरसा आहे. आरशात तुमच्याचसारखी अजून एक बाग दिसेल पलीकडे. दोन्ही मिळून काय झालं? पोरं बघत राहिली. १२ बाय १२. चौरसच की! अर्धा अलीकडे अर्धा पलीकडे. "चौरस हरला नाही रे बाळा, लपलाय." मी मान्य करते की त्या वेळी मला आजोबांना नमस्कार करावासा वाटला, एरवी पाण्याच्या टाकीवरून माझं त्यांच्याशी दोनदा वाजलंय.

दुसऱ्या दिवशी रविवार, प्रत्यक्ष आखणी. खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली, १२ आणि ६ आणि ६, मापं चोख. आजोबांनी लांबूनच एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "गुण्यात नाहीये." पोरांना गुण्या म्हणजे काय कळेना. गवंडी काटकोन बघायला वापरतात तो, आणि गुण्यात नाही म्हणजे कोपरा काटकोनात नाही, सगळा आयत एका बाजूला कललाय. लेक म्हणाला, पण बाजू तर बरोबर आहेत ना, मग काय फरक पडतो? आजोबा म्हणाले अजून कलव. अजून. अजून. कलवत कलवत पार भिंतीला टेकवला, बाजू त्याच, सुतळी तीच, आणि बाग गायब. कालच्या चपट्या सुतळीसारखंच. मग त्यांनी ३-४-५ दाखवलं, भिंतीवर कोपऱ्यापासून ३ फुटावर खूण, बाहेरच्या सुतळीवर ४ फुटावर खूण, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर ५ फूट आलं की कोपरा काटकोनात. म्हणाले हे आपल्याकडे शुल्बसूत्रांच्या काळापासून दोरीने करतात, शुल्ब म्हणजेच दोरी, यज्ञाची वेदी आखायला. पोरांना वेदीत रस नव्हता पण दोरीने काटकोन होतो ह्याचं फार अप्रूप. शेवटी दोन्ही कर्ण मोजले, दोन्ही १३ फूट ५ इंच. आजोबा म्हणाले हं. त्यांचं हं म्हणजे शाबासकी असते.

विटा लावल्या. बाजूंना ८-८, पुढे १६, एकूण ३२, हिशोब बरोब्बर. आणि तरीसुद्धा पुढच्या दोन्ही कोपऱ्यात भोक! चार इंचाचं चौकोनी भोक, त्यातून माती सरळ पार्किंगमधे येणार. पोरं गोंधळली, गणित तर बरोबर आलं होतं. माझंही क्षणभर डोकं चालेना. मग कळलं की सुतळीला जाडी नसते आणि विटेला असते. आतली कड २४ फूट आहे, पण बाहेरून मोजलं तर ती त्याच्यापेक्षा जास्त भरते. वॉचमन काका हे सगळं बघत होते, ते गेले आणि ढिगातून त्या दोन तुटक्या विटा घेऊन आले, ज्या आम्ही पहिल्याच दिवशी बाद म्हणून बाजूला टाकल्या होत्या. "अद्धे लावा की इथं." अर्धी वीट म्हणजे साडेचार इंच, कोपऱ्यात जरा बाहेर आली, पण बसली. ३४ च्या ३४ कामी आल्या.

माती. आता क्षेत्रफळ म्हणजे काय हे हातांना कळायची वेळ आली. एक चौरस फूट सुतळीने आखला आणि पोरांना उचलवेल इतपत भरलेलं घमेलं त्यात ओतलं, विटेच्या उंचीला बरोबर एक घमेलं लागलं. म्हणजे किती घमेली? "बहात्तर." काका म्हणाले अगं बाई. किल्ल्याच्या मातीची ३० निघाली. राहिली ४२. एका पोत्यात अशी चार बसतात, म्हणजे ११ पोती, त्यातली पाच काकांनी वर्षभर कुजवलेल्या पालापाचोळ्याच्या खताने भागवली आणि बाकीची नर्सरीतून, लाल माती आणि शेणखत, वर्गणी काढून. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे हात दुखत होते आणि एक पोरगी म्हणाली, "काकू, ६ बाय ६ च केलं असतं तर निम्म्यात सुटलो असतो." अगदी बरोबर, छत्तीस घमेली. तिला मी मनातल्या मनात दहापैकी दहा दिले.

आणि मग, सगळी माती भरून, वर हात फिरवून सपाट करून झाल्यावर, मोठी चूक लक्षात आली. मधे हात कसा पोचणार? पोरांचा हात जेमतेम दोन फूट आत जातो. पुढून दोन फूट, बाजूंनी दोन दोन फूट, मागे तर भिंतच. मधली सगळी जागा नुसती बघायची. पाय ठेवला तर माती दबते. आम्ही जास्तीत जास्त जागा मिळवायच्या नादात अशी बाग केली होती जिच्या जवळजवळ निम्म्या भागाला हातच लागत नाही. ही चूक माझी, मी मोठी होते तिथे, मला सुचायला हवं होतं. बाल्कनीत कुंड्या लावून शेतीचा अनुभव येत नाही.

चिऊ म्हणून एक तिसरीतली आहे, ती म्हणाली, आपण कडेकडेनीच पोचतो म्हणजे कड जास्त पाहिजे. परत सांगते, तिसरीतली. कड जास्त पाहिजे! आत्तापर्यंत सगळे कड वाचवायच्या मागे होते, कड म्हणजे विटा, कड म्हणजे खर्च, आणि ही म्हणतीये कड म्हणजे हात पोचायची जागा. मला ह्या सगळ्या प्रकारात सगळ्यात आवडलेलं वाक्य ते.

मग पुढच्या बाजूच्या बरोबर मधून आत एक वाट खणली, २ फूट रुंद आणि ४ फूट आत. आठ घमेली माती परत बाहेर (रडारड). जागा राहिली ६४. लेकाने पटकन विचारलं, म्हणजे ८ बाय ८ एवढीच झाली की, मग फायदा काय? तर ताई म्हणाली कड मोज. दोन्ही बाजूंनी चार चार, आठ फूट वाढली. ॲक्टिव्हाच्या वेळी कोपरा आत ढकलला तेव्हा सुतळी तेवढीच राहिली होती आणि इथे मधून आत शिरलो तर वाढली. हे का, ह्यावर पोरांची चांगली दहा मिनिटं जुंपली, मी चहा प्यायला गेले. वाटेच्या कडेला लावायला विटा नव्हत्या, तोंडापाशी मोकळ्या झालेल्या दोन-तीन लावल्या आणि बाकी सगळी नारळाच्या करवंट्यांनी भागवली, आठवडाभर सगळ्या घरांतून करवंट्या गोळा.

लागवडीचं फार सांगत नाही. मेथी आणि धने घरातलेच (धने रगडून दोन फोडी करून टाकायचे), मुळा, पालक, मागच्या हात न पोचणाऱ्या पट्ट्यात टोमॅटो आणि गवती चहा कारण त्यांना रोज हात लावावा लागत नाही, पुढे झेंडू. एक गंमत झाली मुळ्याची. मुळा तीन तीन इंचांवर लावायचा. एका चौरस फुटात किती? लेक म्हणाला, "१२ भागिले ३, चार." मी म्हणलं लाव. त्याने एक ओळ लावली, चार बिया, आणि मग बाकीच्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसला. "अरे... सोळा." त्याच रात्री विचारलं की एका चौरस फुटात किती चौरस इंच, तर बाराच्या बाबतीत फसला नाही, १४४ म्हणाला आणि परत पांघरुणात शिरला.

कबुतरांनी मात्र उच्छाद मांडला. पुण्यात कबुतरांवर बोलायला लागले तर मी थांबणार नाही म्हणून सोडते. मेथी पेरली की दुसऱ्या दिवशी साफ. झाकायला मी माझी जुनी सहावारी दिली. पोरांनी आधी हिशोब केला, १८ फूट लांब, पन्हा ४५ इंच म्हणजे पावणेचार फूट, साडेसदुसष्ट चौरस फूट, बाग ६४, पुरली! आणि घातली तर कुठे पुरतीये. दोन्ही बाजूंचे वाफे ५ बाय ६ चे, साडीचा पन्हा पाचापर्यंत येत नाही, एका वाफ्याला सहा सहा फुटांच्या दोन पट्ट्या लागतात, म्हणजे चार पट्ट्या, २४ फूट. आमच्या साडीच्या तीनच होतात. क्षेत्रफळ आहे पण झाकलं जात नाही! मग आजोबांच्या घरातल्या आजींनी नऊवारी काढून दिली, २७ फूट, चार पट्ट्या झाल्या आणि वर तीन फूट उरलं ते वाटेच्या मागच्या तुकड्यावर. आजी म्हणाल्या तुमच्या सहावारीत काय राम आहे. आठवडाभर आमच्या पार्किंगमागे एक हिरवी इरकल पसरलेली होती, येणारे जाणारे विचारायचे की पूजा आहे का.

जानेवारीत पोरांना सिंहगड रोडच्याच पु. ल. देशपांडे उद्यानात घेऊन गेले. १० एकर आहे ते, जपानच्या ओकायामातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. तिथे पुलावर उभं राहून लेकाने विचारलं, ह्यात आपल्या किती बागा बसतील? आजोबांनी निघताना त्याला पाठ करून पाठवलं होतं की एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे ४३,५६०. हे ३३ का, तर जुनी मोजणीची साखळी ६६ फुटांची असायची, तिच्या निम्मं. मोबाइलवर भागाकार केला, वाट धरून ७२ ची बाग, एका एकरात बरोब्बर ६०५ बसतात, वर काही उरत नाही. दहा एकरात ६०५०. पोरगं बराच वेळ त्या हिरवळीकडे बघत होतं. मग म्हणाला, "आणि घमेली?" मी म्हणलं नको.

घरी आल्यावर आपला फ्लॅट किती ते निघालं, कार्पेट ६२०. माझ्या नवऱ्याने, जो इंजिनियर आहे हे इथे नमूद करते, सहज म्हणलं की ६२० फूट. लेक म्हणाला, "बाबा, फूट नाही, चौरस फूट. ६२० फूट तर सुतळी असते."

मेथी महिन्याभरात आली. वाटणीवरून भांडण झालं कारण पोरं अकरा आणि मेथीचा पट्टा ६ बाय २, मग बारा चौरस फूट, प्रत्येकाला एक आणि एक आजोबांना, हे त्यांनी माझ्याकडे न येता आपापसात मिटवलं. थालीपीठ झालं आमच्याकडे, चार माणसांना जेमतेम एकेक. चवीला? सोसायटीच्या बोअरच्या पाण्याची मेथी, ठीक होती. पण एरवी मेथी बघितली की तोंड वाकडं करणाऱ्या लेकाने आपलं संपवून अजून मागितलं.

दुसऱ्या घटक चाचणीत पुन्हा बागेचं गणित आलं, आयताकृती बागेला कुंपण घालायचंय तर तार किती लागेल. ह्याने उत्तर बरोबर लिहिलं आणि खाली कंसात लिहिलं की एका बाजूला भिंत असेल तर कमी लागेल. बाईंनी त्याच्यावर लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलंय. मार्क दिले पूर्ण.

आता पोरांना बाग वाढवायचीये, मोकळ्या जागेत अजून तीन-चार फूट. मी कमिटीला विचारलं, मीटिंग झाली, आणि मागच्या आठवड्यात नोटीस बोर्डवर कागद लागला की मुलांनी सध्याच्या बागेचे क्षेत्रफळ वाढवू नये. मला वाईट वाटलं, संध्याकाळी पोरांना कसं सांगू म्हणून खाली गेले तर सगळी आधीच बोर्डसमोर उभी, कागद वाचत. चिऊ मान वर करून म्हणाली, "काकू, परिमितीबद्दल काहीच नाही लिहिलंय."